यिनबाईंच्या नवऱ्याचा चेहरा

दुनह्वांग

प्रिय आन्यांग,

आईच्या पाया पडून सांग, मी ठणठणीत आहे. खोकला आता फक्त पहाटेच येतो. तिचे गुडघे कसे आहेत? विहिरीला पाणी आहे ना?

सध्या इथल्या यिनबाईंसाठी रेशमावर ग्वानयिन बोधिसत्त्वाचं चित्र रंगवतोय. त्यांचा नवरा व्यापाराला खोतानकडे गेला, त्याला वर्षं लोटली. तो सुखरूप परतावा म्हणून हे चित्र विहाराला द्यायचंय. बोधिसत्त्वाच्या पायाशी दान करणाऱ्यांची चित्रं असतात ना, तिथे त्यालाही बसवायचं होतं.

मी विचारलं, "दिसतात कसे ते?"

"चेहराच आठवत नाही हो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बाही डोळ्यांना लावली.

मग मी कागदावर अंदाजाने एक माणूस काढला. बघताच त्या उसळल्या, "अहो, हे कान कुणाचे? त्यांचे सुपाएवढे आहेत! मी रोज चिडवायचे त्यांना!" मग नाक, मग भुवया, हसत-रडत सांगत गेल्या. माणूस रेशमावर उतरला, तेव्हा त्या त्याच्यासमोर कितीतरी वेळ बसून होत्या.

संध्याकाळी मी तुझा चेहरा काढायला घेतला. डोळे आले, हसूही आलं. हनुवटीवरचा तीळ डावीकडे की उजवीकडे, ते मात्र आठवेना. हात थांबला तो थांबलाच.

उत्तर लिहू नकोस. हे पत्र घोडेस्वाराबरोबर पुढे येईल, चित्र पुरं झालं की मी मागून उंटांच्या तांड्याबरोबर निघतोय. तीळ स्वतःच येऊन बघतो.

घराच्या वाटेला लागलेला,
तुझा नवरा, झाई वेन