दिवा लुकलुकला की आधी बंद

२ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७
आजपासून रोजनिशी. निवृत्त होऊन तीन महिने झाले, डोक्याला गंज चढू द्यायचा नाही. पहिलं काम: हिच्या लॅपटॉपचं वायफाय. ही रोज चार ते पाच ऑनलाइन शिवणकाम शिकवते. गेले दहा दिवस वर्ग ऐन रंगात आला, तीसही जणींचे कॅमेरे सुरू झाले, की नेट जातं. एरवी ठणठणीत. वीस तारखेला संस्थेच्या मुख्य बाई हिचा वर्ग बघणार आहेत, त्यावर कायमची नोकरी ठरेल. सोळा वर्षं ही तासांवर शिकवतेय. मी म्हटलं, चार दिवसांत दुरुस्त करून देतो. ही म्हणाली, माझ्या भावाला विचारू का? मेहुणे कॉम्प्युटरमधले तज्ज्ञ आहेत, असं मेहुण्यांचं मत आहे. साफ नाही म्हटलं. कारखान्यात एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला, हे एवढंसं डबडं सांभाळता येणार नाही?

तोच दिवस. दुपारी ४.४०
राउटर दहा दिवसांपूर्वीच कपाटामागून काढून माझ्या खुर्चीशेजारी ठेवलाय. यंत्र नजरेसमोर हवं. बॉयलरवर आमचा एकच नियम होता: दिवा लुकलुकला की आधी बंद, मग विचार. आज ४.१२ ला राउटरचा दिवा वेड्यासारखा लुकलुकू लागला. तत्काळ बटण बंद. वीस आकडे मोजून चालू. मोठा अनर्थ टळला. ४.१३ ला आतून हिची हाक, पुन्हा गेलं म्हणून. म्हणजे दोष लॅपटॉपमध्येच. पहिल्याच दिवशी निदान! राउटर वाचवल्याचं हिला सांगितलं नाही. स्वतःची टिमकी वाजवायचा माझा स्वभाव नाही.

४ सप्टेंबर, बुधवार
लॅपटॉप तापतो. दोन जाड पुस्तकांवर ठेवला, समोर टेबलफॅन लावला. फॅनने हिचे कागदी नमुने उडाले. एक बाही कॅमेऱ्यासमोरून उडत गेली म्हणे, तीस जणींनी पाहिली. दिवा ४.०८ आणि ४.३१ ला लुकलुकला. दोन्ही वेळा वेळेवर पोहोचलो. नेट तरी गेलंच. लॅपटॉप हट्टी आहे.

६ सप्टेंबर, शुक्रवार
ड्रायव्हर अपडेट केला. काय बदललं ते कळलं नाही, पण शेवटी शंभर टक्के असं आलं. एवढे शाळेतही कधी मिळाले नव्हते. ४.१७ ला ही कॉलर कापायला कात्री उचलते न उचलते तोच नेट गेलं. तीस पडद्यांवर ही कात्री उगारून थिजलेली. एकीने तेवढ्या वेळात अंदाजाने दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. चार दिवसांचं वचन आज संपलं. पण त्यात सुट्ट्या धरायच्या नव्हत्या, असं माझं म्हणणं.

१० सप्टेंबर, मंगळवार
इंटरनेट कंपनीला फोन करून फैलावर घेतलं. तिकडच्या मुलीने विचारलं, राउटर बंद करून चालू करून पाहिलात का? म्हटलं, रोज करतो, दोन-दोनदा करतो, मला शिकवू नका. ती एकदम गप्पच झाली. आवाजात जरब असावी लागते.

१२ सप्टेंबर, गुरुवार
नवा हुकूम: चार ते पाच घरात मिक्सर बंद, वॉशिंग मशीन बंद, इस्त्री बंद. ही म्हणाली, इस्त्रीशिवाय कॉलर बसवायची कशी? मी म्हटलं, तळहाताने दाबायची. हिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. दिवा तीनदा. तीनदा बंद. खुर्चीतून उठायचा वेग वाढलाय, हा व्यायामच आहे.

१६ सप्टेंबर, सोमवार
रंगीत तालीम. हिने मुख्य बाईंसमोर दाखवायचा पूर्ण शर्ट घेतला. नेट पाच वेळा गेलं. मी पाच वेळा झेपावलो, खांदा भरून आलाय. वर्ग संपल्यावर आत गेलो तर ही कात्री मांडीवर घेऊन बसलेली. डोळे पुसत होती. म्हणाली, सोळा वर्षांनी एक संधी आली आणि तीही अशी जाणार. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. हिने भावाला फोन लावला तेव्हा मी अडवलं नाही. संकल्प: मेहुण्यांचा पचका झाला की हसायचं नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार
मेहुणे आले. लॅपटॉपला हातही लावला नाही. मोबाइलवर राउटरचं कसलंसं पान उघडलं. राउटरसुद्धा रोजनिशी लिहितो! कधी बंद झाला, कधी चालू झाला, तारीखवार, मिनिटासकट. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मेहुण्यांनी मोठ्याने वाचलं: दोन तारीख, ४.१२. चार तारीख, ४.०८ आणि ४.३१. माझ्या वहीशी मिनिट न् मिनिट जुळत होतं. मग विचारलं, भावोजी, इथे रोज याच वेळी वीज जाते का? मी पाणी आणायला उठलो. हिने खुर्चीकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे पाहिलं. बॉयलरचा नियम सांगावा लागला. मेहुणे म्हणाले, दिवा भराभर लुकलुकतो म्हणजे तो जोरात काम करत असतो. मेहुणे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

२० सप्टेंबर, शुक्रवार
राउटर कपाटामागे परत. पावणेचारला हिने मला न्हाव्याकडे पाठवलं. डोक्यावर कापण्यासारखं फारसं नाही, तरी सव्वापाचपर्यंत बसलो. नेट एकदाही गेलं नाही. कॉलर अशी बसली की मुख्य बाईंनी टाळ्या वाजवल्या. या यशात माझ्या जाण्याचा वाटा आहे. बोललो नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार. दुपारी ४.१२
नोकरी मिळाली! घरून शिकवा किंवा संस्थेत या, असं दोन्ही देऊ केलं होतं. हिने विचार न करता संस्था घेतली. म्हटलं, घरून सोयीचं नाही का, मी दिवसभर असतोच. ही म्हणाली, म्हणूनच. नऊला कात्री पर्समध्ये टाकून गेली. जाताना हसली, तेवढं बरं.
आत्ता कपाटामागे जाऊन पाहिलं. दिवा अगदी शांत. लुकलुकणार कशासाठी, घरात वापरणारं कोणी नाही. बटणाला हात लावला नाही. नुसते वीस आकडे मोजले, मग पुन्हा वीस. करमत नाही. ही साडेपाचला येणार. अजून अठ्ठ्याहत्तर मिनिटं.