बाहेरच्या भिंतीची नळी

१२ फेब्रुवारी

बसली! टाकीला तिसरी नळी बसली. एक इंजिनाला तेल द्यायला, एक हवा आत घ्यायला, एक भरायला. कथलाचा डाख लावताना बोट भाजलं. कथील आणायला गेले तेव्हा वाटेत राजापूरची एसटी उभी दिसली, सगळं सोडून चढावंसं वाटलं — नाही चढले.

तारांना बांधून आपल्याभोवती गोल फिरवायचं हे छोटं विमान रामजीकाकांनी करायला घेतलेलं. साखरेनं डोळे गेले तेव्हापासून कपाटावर पडून. काकाही खाटेवरच. काकी त्यांना चहाचा कपसुद्धा हातात देत नाही — "सांडतील." म्हटलं, मी पुरं करते, वरच्या मोकळ्या सड्यावर उडवू, तुम्ही यायचं.

काका — "तू? बारावी तरी पुरी केलीस काय गो?"

उडवणारच. आणि काकांना घराबाहेर काढणारच!

१५ फेब्रुवारी

काका आले नाहीत. शेजारच्या निलेशनं विमान सोडलं, मी मधोमध तारांचं हँडल धरून. छान फिरत होतं — आणि इंजिन बंद! धाडकन कातळावर. चाक मोडलं. टाकी बघितली तर अर्धी भरलेली!

निलेशनं मोबाइलवर घेतलेला आवाज काकांनी कानाला लावून ऐकला. "शेवटाला बारीक होतोय बघ. बिघडलं नाय. तेल पोचलं नाय, उपाशी मेलं."

१६ फेब्रुवारी

भाट्याच्या खाडीत कालवं काढणाऱ्या बायका बघत बसले. दिवस गेला.

१७ फेब्रुवारी

दोरीला पाण्याची बाटली बांधून अंगणात गरगर फिरवली. काकी — "काय खूळ भरलंय गो हिला!" पण पाणी सगळं बाहेरच्या बाजूला! म्हणजे फिरताना तेलही तिकडेच जाणार, इंजिनाची नळी तिथंच हवी. पण तारा डाव्या पंखाला, म्हणजे बाहेरची बाजू उजवी; मी उजवीकडेच लावली होती की!

काकांनी टाकी बोटांनी चाचपली. हसले — किती दिवसांनी! "विमानाचं नाक स्वतःकडं करून बसलीस, आणि तुझी उजवी धरलीस. विमानात बसून उजवी धरायची, बाय."

सगळा डाख सोडवला. परत पहिल्यापासून. मोडलेलं चाकही.

२२ फेब्रुवारी

नळी आता मागच्या कोपऱ्यात, टाकीच्या बाहेरच्या भिंतीला चिकटून. काकांनी स्वतः फुंकून बघितली. "गळत नाय."

"उद्या चला."

"ते कुठं येतायत, ठेचकाळतील," काकी आतून.

काका खाटेखाली पायानं चपला शोधत होते.

२३ फेब्रुवारी

उडालं! हँडलवर काकांचा हात, त्यावर माझा. दोघं गोल गोल. "ओढतंय गो, ओढतंय!" टाकी पार रिकामी होईपर्यंत आवाज बारीक झाला नाही. उतरलंही अलगद.

काकीला सांगितलेलं नाही — माझा हात मी अर्ध्यातच काढला होता.