स्वित्झर्लंडमधलं पिठलं

पुंगोल, सिंगापूर
जून २०१६

ती. सुलेखाताईस,

निशिकांतचा वाकून नमस्कार (मनातल्या मनात, युरोपच्या बसनं धरलेली कंबर अजून सोडत नाही). पद्माकररावांचा गुडघा कसा आहे? फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. अगं, आमच्या फ्लॅटमध्ये हॉलमधलं बोलणं स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू जातं, आणि हे अरुणाच्या कानावर जायला नको.

‘मराठी टूरच घे, आचारी बरोबर असतो’ हा सल्ला तुझाच. होता बाई आचारी! विश्वासराव, बसच्या पोटात पातेली घेऊन. पॅरिसला कांदेपोहे, ॲमस्टरडॅमला मटकीची उसळ. रोमला पोचलो तो दिवस नेमका एकादशीचा. अर्ध्या बसचा उपास, म्हणून सगळ्यांनाच साबुदाण्याची खिचडी, आणि समोरून पिझ्झ्याचा वास. मी आपला येईल-जाईल त्याला ऐकवत होतो, की जिथं आलोय तिथलं खायला नको का? (आम्ही सिंगापूरकर ना, जग पाहिलेले!) जर्मनीत पाणी मागितलं तर फसफसणारं आलं. पुढचा अख्खा किल्ला मी ढेकर देत पाहिला. अरुणानं मुकाट्यानं बिअर मागवली, आणि तिला ती आवडली. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

लुसर्नला ती म्हणाली, एक जेवण तरी आपण दोघंच इथलं जेवू. माझेच शब्द, नाही कसं म्हणणार? फाँड्यू मागवलं. म्हणजे उकळतं चीज, त्यात लांब काट्यानं पाव बुडवायचा. वास म्हणशील तर पावसाळ्यातले मोजे. एक घास कसाबसा गिळला, पोट बिघडल्याचं सांगून सटकलो आणि तडक बस गाठली. विश्वासरावांकडे पिठलं-भात उरला होता. आहाहा! उभ्यानं जेवलो गं. पुन्हा वाढा म्हणून ताट पुढे केलं, तर मागे अरुणा.

भांडली असती तर बरं झालं असतं. खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाली, की लग्नानंतर आज पहिल्यांदा मला कुणी काय हवं ते विचारलं, गरम असताना वाढलं, आणि तेवढा वेळही तुम्हाला माझ्यासमोर बसवेना. मला फार वाईट वाटलं, ताई. अजून वाटतं.

घरी येऊन तिनं कुकर वरच्या फळीवर चढवला. आता रोज संध्याकाळी हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर जेवण. ती आणि गार्गी नवनवीन पदार्थ चाखतात. मी पाया लेबारच्या ऑफिसातून दमून येतो आणि नूडल्सकडे बघत बसतो. “बाबा, जस्ट ईट लाह,” लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते. खातो. दुसरं काय करणार?

तुझा थकलेला भाऊ,
निशिकांत

ता. क. पत्राचं खरं कारण : वरणाला कुकरच्या शिट्ट्या किती? अरुणाला विचारलं तर म्हणेल, इतकी वर्षं कान कुठे होते? पुढच्या महिन्यात तिच्या वाढदिवसाला मी स्वतः वरण-भात करणार आहे. तिला गरम वाढणार आणि ती ताटावरून उठेपर्यंत समोर बसणार. कुणाला बोलू नकोस.

ता. क. (हे अरुणाचं अक्षर.) वन्सं, पाकीट चिकटवून पोस्टात टाकायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. शिट्ट्या जरूर कळवा, पण जरा सावकाश. आधी त्यांना डाळीचा डबा शोधू द्या. वाढदिवसाला मी बाहेर जेवायला जाणार नाहीये, हे मात्र त्यांना सांगू नका.