टेप बंद असताना

सावदा,
१४ सप्टेंबर २०२४

चि. अभिमन,

आशीर्वाद. धाकट्या भावाला लिहिताना तो लिहावा लागतो, म्हणून लिहिला.

तू प्रोफेसर झालास, हे कळलं. जळगावच्या सत्काराची पत्रिकाही पोचली. उद्योग करणाऱ्या बायांवर एवढा अभ्यास केलास, लोक हार घालणारच. मी येणार नाही. नवरात्राच्या ऑर्डरी आहेत, केळी वेफर्सच्या दोन्ही भट्ट्या दिवसभर पेटलेल्या असतात.

हे कारण खरं आहे, पण पुरं नाही.

माझी पुनम अमळनेरला समाजशास्त्र शिकते. गेल्या महिन्यात तिच्या मॅडमनी वर्गात तुझ्या पुस्तकातलं एक प्रकरण वाचून दाखवलं. सावद्याची वेफर्सवाली बाई. नाव तेवढं तू बदललंस. गाव तेच, धंदा तोच, मनगटापासून कोपरापर्यंतचा भाजल्याचा डागही तोच. शनिवारी पोरगी घरी आली, खांद्यावरची पिशवीही उतरवली नाही.

"आई, तुझा हात पप्पांनी कढईत धरला होता?"

बारा वर्षं मी तिला सांगत आले, पाय घसरला म्हणून.

पीएच.डी.साठी माझी मुलाखत घ्यायला आला होतास, आठवतं? एरवी माझ्याशी पुस्तकी बोलणारा तू, त्या दिवशी घरची अहिराणी बोललास. "अक्का, टेप बंद शे. आते बोल." मी भावाशी बोलले. पहिली मोठी ऑर्डर माझ्या नावाने आली म्हणून यांनी काय केलं, ते आईलाही कधी सांगितलं नव्हतं. तू ऐकलंस, रडलासही. मग जाऊन सगळं लिहून काढलंस.

परवा फोनवर विचारलं, तर म्हणालास, "त्याशिवाय प्रकरण अपुरं राहिलं असतं, अक्का." प्रकरणाची एवढी काळजी! यांना मात्र एका शब्दाने जाब विचारला नाहीस. दर दिवाळीला यांच्याच शेजारी पाटावर बसून जेवलास.

पुनमला मी खरं सांगून टाकलं. वाटलं, बापावर चिडेल. ती माझ्यावर चिडली. "एवढं होऊनही इथेच राहिलीस? आणि मला खोटं सांगत आलीस?" दुसऱ्या दिवशीच ती अमळनेरला परत गेली. तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही.

तिची मैत्रीण सांगत होती, सुट्टीत ती धुळ्याला तुझ्याकडे येणार आहे. येऊ दे. जेवू घाल, निवांत झोपू दे.

तिची मुलाखत घेऊ नकोस.

सुलक्षणा