बॉटल पाम आणि नसीमबानूंची छत्री

पुणे, ११ जानेवारी १९८७

तीर्थरूप गोपाळकृष्णमामांच्या चरणी अनंताचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरे वाटले. आनंदीमामींचा खोकला थांबला असेलच. नसेल तर औषध त्यांनी स्वतःच्या हाताने घ्यावे. (मागच्या वेळी तुम्ही त्यांना गुडघ्याचे तेल पाजायला निघाला होतात. ही गोष्ट आम्ही कोणालाही सांगितलेली नाही, फक्त उल्काच्या माहेरी सांगितली.)

आमच्या फाटकाशी जे घडले ते तुम्हांला सविस्तर कळवायचे आहे. पावणेदोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही स्वारगेटच्या पलीकडे या घरात राहायला आलो, तेव्हा उल्काने एकच मागणी केली, फाटकाशी बॉटल पाम हवा. खाली बाटलीसारखे पोट आणि वर चारच पाने, असे ते झाड. पंगतीवरून उठून कोणी सावकाश उभे राहिल्यासारखे दिसते. मी ते रिक्षाने आणले. (झाड आत बसले, मी लटकलो.) वाऱ्याने पडू नये म्हणून काळ्या मातीत पोटापर्यंत गाडले आणि ऑफिसला जाताना एक बादली, आल्यावर एक, पाहुणे आले तर त्यांच्यादेखत आणखी एक, असे पाणी घालू लागलो.

शेजारी नसीमबानू राहतात. (चौतीस वर्षे मुलींना भूगोल शिकवला, त्यामुळे आवाज दोन घरे ओलांडून जातो.) त्यांच्या अंगणात अकरा जातींचे पाम आहेत आणि एकूणएक त्यांनी तेलाच्या डब्यात बी लावून वाढवलेला आहे. त्यांनी भिंतीवरून विचारले, "अनंतराव, झाड वाढवताय की बुडवताय?" मला तो विनोद वाटला. मी हसलो आणि आणखी एक बादली ओतली.

जुलैत मधले कोवळे, न उघडलेले पान तपकिरी पडले. नसीमबानू आल्या, त्यांनी ते दोन बोटांत धरून हलकेच ओढले, तर समईतली वात निघावी तसे हातात आले. असा वास सुटला की उल्का घरात निघून गेली. नसीमबानूंनी मात्र पान नाकाशी धरून नीट हुंगले. मी म्हणालो, "गेलं झाड." त्या म्हणाल्या, "आंब्याची एक फांदी गेली तर दुसरी फुटते. पामला शेंडा एकच. तो मेला तर सगळं संपलं. पण मेलाय की नाही, हे तुम्ही नाही ठरवायचं."

मग त्यांनी माझ्याकडून झाड उकरून घेतले, कुजलेली मुळे कापली, विटांचे तुकडे आणि वाळू टाकून उंचवटा केला आणि झाड पुन्हा लावले, या वेळी पोट मातीच्या वर. मोरचूद आणि चुन्याचे निळे पाणी चमच्याने शेंड्याच्या भोकात सोडले. वरून पाऊस जाऊ नये म्हणून बांबूला काळी छत्री बांधली. "आमच्या साहेबांची आहे," म्हणाल्या, "ते गेल्यापासून नुसती खुंटीला होती." येणारेजाणारे मला विचारत, झाडाला पडसे झाले आहे का? नसीमबानू रोज सकाळी सातला येत, स्टुलावर चढून शेंड्यात डोकावत आणि एवढेच म्हणत, "बघू."

सप्टेंबर संपला तरी काही नाही. मी गुपचूप गेनबा माळ्याला कुऱ्हाड घेऊन बोलावले. रविवारी तो आला, तर नसीमबानू झाडाला टेकवून खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेल्या. त्यांनी मान वर केली नाही. गेनबाने कुऱ्हाड पाठीमागे धरली, "बाई, म्या आपला सहज आलतो," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. माझ्याकडे कोणी पाहिले नाही, हे त्याहून वाईट.

दिवाळीनंतर एका सकाळी स्टुलावरून हाक आली, "उल्का, इकडे ये!" मी तोंडाला साबण तसाच ठेवून धावलो. शेंड्यात तांदळाएवढे हिरवे टोक होते. ते पान उघडले ते चुरगळलेले, अर्धेच, शेळीने चघळून टाकावे तसे. माझी निराशा झाली. नसीमबानूंनी त्यावरून बोट फिरवले, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पुढचं सरळ येईल." आले, मामा. आता चौथे उघडते आहे. मी झाड लावले, बुडवले आणि तोडायला निघालो. त्यांनी चार महिने रोज स्टूल उचलून आणले. एवढी चिकाटी मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा,
अनंत

ता. क. खरे म्हणजे तुमच्या फाटकाजवळच्या दोन रॉयल पामांची पाने पिवळी पडली म्हणून येत्या शुक्रवारी ते तोडायला माणूस ठरवलात, असे लिहिलेले तुमचे पत्र मी नसीमबानूंना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "खालची पिवळी की शेंडा?" खालची, म्हटल्यावर म्हणाल्या, "मग तो रोग नव्हे, भूक आहे. खत घाला म्हणावं." तरी कृपा करून त्या माणसाला थांबवावे. वरचे सगळे पत्र एवढ्यासाठीच लिहिले.

आणखी ता. क. पाकीट चिकटवेपर्यंत नसीमबानू खताची पिशवी घेऊन तुमच्या लोणीच्या बसने गेल्यासुद्धा. पत्र मिळेल तेव्हा त्यांना तुमच्याकडे येऊन दोन दिवस झाले असतील. त्यांनी शिडी मागितली असेल तर द्यावी आणि खालून घट्ट धरावी. त्यांचे वय अडुसष्ट आहे, हा विषय मात्र काढू नये.