अर्धी गोळी वनाला

धुळे, ९ जानेवारी १९९४

चि. तानू, भाऊचा आशीर्वाद पोचू दे.

हो, इथलं वरण पातळ शे! तू विचारलं नाहीस, पण डोक्यात बसलंय म्हणून आधी लिहितो.

अफू सोडवायच्या गोळीची इथं दवाखान्यात आम्हा अफूवाल्यांवर परीक्षा चालू आहे, ते तुला ठाऊक. जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत दहा मिनिटं गप्प बसायचं. मी, आणि गप्प! नर्सबाई बघून हसते. कोणाची गोळी किती ताकदीची, ते आम्हालाही माहीत नाही न् डॉक्टरलाही नाही. कागद कुलपात. कितीनं तलफ जाते, कितीनं माणूस धोक्यात येतो, बठ्ठं वहीत लिहितात.

आता माझं शहाणपण ऐक. शेजारच्या खाटेवर पिंपळनेरचा वना. चाळीस वर्षांत मी अफू एकट्यानं खाल्ली नाही. समोर माणूस असताना एकट्यानं खायचं, कसं दिसतं ते? नर्सबाईची पाठ फिरली की माझी अर्धी गोळी त्याला, त्याच्या स्वतःच्या गोळीवर आणखी. चार दिवस पाहुणचार केला. काल वना असा झोपला, की डॉक्टर धावत येऊन त्याचे श्वास मोजत बसले. आज उठून बसलाय. पण वहीत दोष त्याच्या गोळीला लागला. खरं सांगितलं तर मला काढतील, न् परत अफूच्या डबीशी गाठ. म्हणून गप्प आहे. बघ, जमलं शेवटी.

तुझा भाऊ झुलाल

पहूर, १३ जानेवारी

ती. भाऊस तानूचा पाया पडून नमस्कार.

आधी हसले, मग पत्र परत वाचलं. आपले आबा वारले त्या दिवशीही आल्यागेल्याला तुम्हीच अफू वाटत होता. आता पुरे. त्या चुकीच्या वहीवरून उद्या दुसऱ्यांची मात्रा ठरेल. एखाद्याला कमी पडेल, एखादा उठणारच नाही. डॉक्टरला आजच सांगा. हाकललं तर सरळ इथं या, डबी मात्र गावाबाहेर टाकून. माया आहे म्हणून रागावते.

तुमची तानू

धुळे, १७ जानेवारी

चि. तानू, आशीर्वाद. तुझा राग पोचला.

सांगितलं. डॉक्टर ओरडले नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली. कुलपातला कागद काढला. आम्हा दोघांची नावं परीक्षेतून बाद, औषध मात्र चालू. चौथीत मी एकटा नापास झालो होतो, इथं वनाला सोबत घेऊन झालो. तो आता माझ्या हातचं सुपारीचं खांडही घेत नाही. गोळीच्या वेळी नर्सबाई समोर स्टूल टाकून बसते, माझ्या तोंडाकडे बघत.

तलफ येते का, असं विचारशील. ते डॉक्टरला सांगितलंय. तुला सांगणार नाही.

झुलाल