ओसरीवरची चूल

माय, तुझ्या नातवानं नवीन घर पाहिलं आहे. सैपाक गॅसवर ठेवायचा की सगळंच विजेवर करायचं, असं तो काल जेवताना मला विचारत होता. घर घेताना कुणी घरातल्या बाईला चुलीबद्दल विचारतं, हे ऐकून माझा घास हातातच राहिला. तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशीच बोलते आहे.

बाबा राईस मिलमध्ये इंजिनावर होते. कामठ्याच्या धानशेतीतला आपला हिस्सा भावाला देऊन त्यांनी गोंदियात घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी परकर नेसत होते. दोन घरं पाहिली. एक गावाबाहेर. तिथं वीज नव्हती, पण मागे मोठं आंगण आणि कवेलूच्या छपराखाली चहूकडून वारा येणारी चुलीची पडवी. दुसरं बाजाराच्या गल्लीत. "बिजली लगी हुई है, और क्या चाहिए?" असं म्हणत विकणारा बटण पुन्हा पुन्हा खालीवर करून दाखवत होता, आणि बाबा त्या दिव्याकडे मान वर करून बघत होते. तू आत गेलीस, मी तुझ्या मागे. सैपाकाच्या खोलीच्या पाठीला धानाचं गोदाम. खिडकी नाही. तू भिंतीवरून हात फिरवलास, जणू एखादं दार सापडेल.

"इथून धूर कुठी जाईन?" बाहेर येऊन तू हळूच विचारलंस.

"धूर कायले होईन? विजेची शेगडी आणून देतो तुले."

"त्या घरी गॅसबत्ती लावू ना. तिचा उजेड काई कमी नाही."

"गॅसबत्ती लग्नात लावतात," बाबा म्हणाले, आणि घर ठरलं.

शेगडी आली, नाही असं नाही. बाबांनी ती नागपुराहून मांडीवर ठेवून आणली होती. तार लाल झाली, तू तवा ठेवलास, आणि सगळं घर काळोखात गेलं. वीजवाला आला, हसला, म्हणाला, "ये लाइन सिर्फ बत्ती की है." शेगडी कापडात बांधून फळीवर गेली आणि खोलीत पुन्हा चूल पेटली. पुढच्या खोलीत बाबांकडे माणसं बसलेली असत, म्हणून मधलं दार लोटलेलं. आत आपण दोघी. मी भाकरी थापते आहे, तू फुंकणीनं फुंकते आहेस, वरचा दिवा धुरात तांबडा दिसतो आहे. तुझे डोळे सुजलेले. माहेरी दरेकशाच्या जंगलात उघड्यावर रांधणारी बाई तू. मी दार उघडायला उठले की म्हणायचीस, "बस. पाहुणे आहेत."

मग उन्हाळ्यातल्या एका दुपारी तू ओसरीवर तीन विटा मांडल्यास. रस्त्याकडे तोंड करून भात चढवलास. समोरचा दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघायला लागला. बाबा जेवायला आले ते पायरीशीच थांबले.

"लोक पाहून राहिले. घरात चूल नाही का तुले?"

"पाहू द्या. लोकायच्या डोळ्यात धूर नाही जाऊन राहिला."

असं तू त्यांना पहिल्यांदाच बोललीस. बाबा तसेच उपाशी मिलमध्ये परत गेले. मला वाटलं, आता हे घर सुटणार. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बांबूच्या ताट्या घेऊन आले आणि ओसरीच्या तिन्ही बाजूंना वर छपरापर्यंत ठोकून दिल्या. ते रागावलेले नव्हते, माय. "घे, आता खुशाल इथी रांध," म्हणाले. तुझं सुख केलं, असंच त्यांना खरोखर वाटत होतं. रागावले असते तर तुला भांडता तरी आलं असतं. तू चूल पेटवलीस. धूर वर गेला, ताट्यांना अडला आणि आपल्यावर उतरला. तू ताट्यांकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि म्हणालीस, "पीठ घे."

मला बघायला आले तेव्हा शेतीचं, नोकरीचं, सगळं विचारून झालं. मुलाकडच्यांनी स्वतःच्या घरातल्या पुढच्या खोलीचं कौतुक केलं. तेवढ्यात दाराआडून तुझा आवाज आला, "पोरीले रांधायची खोली कशी आहे?" माणसं हसली. बाबांनी पान पुढे केलं.

पहिल्यांदा माहेरी आले, तेव्हा तू मला हातपायही धुऊ दिले नाहीस. माझी हनुवटी धरून सुजलेले डोळे उजेडाकडे वळवलेस. मी म्हणाले, प्रवासात डोळ्यांत कोळसा गेला, माय. आगगाडीचा. रांधायची खोली मोठी आहे आणि खिडकीतून पेरूचं झाड दिसतं. तू मान हलवलीस आणि मग पोटभर जेवलीस.

तिथं खिडकी नव्हती, माय. पेरूचं झाडही नव्हतं.